सेवाभावी संस्थेतील पहिली उमेदवारी

(सेवाभावी संस्थांत प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी जाणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१९०१ च्या डिसेंबर महिन्यात कलकत्त्यास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले होते. दक्षिण आफ्रिकेतून नुकतेच परतलेले ३२ वर्षांचे एक बॅरिस्टर सभेच्या कचेरीत गेले आणि काही काम असल्यास द्यावे, अशी विनंती त्यांनी केली. एका चिटणिसांपाशी देण्याजोगे काम नव्हते. त्यांनी दुसऱ्या चिटणिसांकडे, म्हणजे घोषालबाबूंकडे, पाठविले. घोषालबाबूंपाशीही कारकुनीखेरीज काही नव्हते. पुढ्यात साचलेल्या पत्रांचा ढीग त्यांनी या पाहुण्याच्या स्वाधीन केला. पत्रे वाचावयाची, ज्यांना उत्तर द्यावयाचे त्यांना उत्तरे लिहावयाची, उरलेली बाजूला ठेवावयाची. बॅरिस्टरांनी ते काम आनंदाने पार पाडले. हे गृहस्थ कोण आणि आफ्रिकेत त्यांनी काय काय केले आहे, हे घोषालबाबूंना मागाहून कळले, तेव्हा त्यांनाच संकोच वाटला. त्याच अधिवेशनात निवासस्थानाचे शौचकूप घाण झालेले पाहून याच गृहस्थांनी खराटा मागून घेतला व स्वतःपुरते तरी ते स्वच्छ केले. हे गृहस्थ म्हणजे मोहनदास करमचंद गांधी. सभेचे कामकाज कसे चालते याची ओळख आपणांस या कारकुनीतून झाली, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद करून ठेवले आहे.

या प्रसंगाचे स्मरण देण्याचे प्रयोजन असे की, सेवाभावी संस्थेत प्रथमच पाऊल टाकणारा विद्यार्थी बहुधा मोठ्या कामाच्या अपेक्षेने जातो आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हाती पत्रांचा गठ्ठा, जुनी नोंदवही किंवा पावत्यांची फाइल येते. त्याचा हिरमोड होतो. तो होऊ नये असे म्हणण्यात अर्थ नाही. ज्याला काही करावयाचे आहे त्याचाच हिरमोड होतो. पण त्या गठ्ठ्यात नेमके काय असते, हे मात्र थोडे बारकाईने पाहावयास हवे.

इंग्रजीत जिला ‘इंटर्नशिप’ म्हणतात तिला शासकीय परिभाषेत ‘आंतरवासिता’ असा शब्द आहे. घराघरांतून पूर्वी यासाठी ‘उमेदवारी’ हा शब्द वापरीत. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात किंवा सराफाच्या पेढीवर मुलगा उमेदवारी करी, म्हणजे जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून काम पाहत पाहत शिके. समाजसेवेच्या क्षेत्रातही ही रीत नवी नाही. नामदार गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा नव्या सभासदाने प्रथम काही वर्षे शिकाऊ म्हणून काढावीत, असा दंडक घालून दिला. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही शाळा निघाली, ती नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्या वस्तीत आधीपासून काम करीत होते. समाजकार्याचे शिक्षण कामगारवस्तीच्या मध्यभागी सुरू झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. हीच शाळा पुढे १९४४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. वर्गात व्याख्यान आणि नेमलेल्या दिवशी वस्तीत, रुग्णालयात अथवा बालगृहात प्रत्यक्ष काम, हा समाजकार्याच्या अभ्यासक्रमाचा प्रघात आजतागायत कायम आहे.

समाजकार्य हा ज्यांचा विषय नव्हे अशा विद्यार्थ्यांसाठीही वाटा उघडल्या गेल्या. बाबा आमटे यांनी १९६७ पासून चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी भरविण्यास प्रारंभ केला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातील ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली व आरंभी सुमारे ४०,००० विद्यार्थी तीत सामील झाले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर प्रत्यक्ष कार्यानुभवाला पदवी अभ्यासक्रमातच स्थान मिळाले आहे. १ श्रेयांकास ३० तास या हिशेबाने ४ श्रेयांकांसाठी १२० तासांचे काम करावे लागते. त्यामुळे पूर्वी हौसेने जाणाऱ्या मोजक्या मुलामुलींच्या जागी आता वाणिज्य, विज्ञान, संगणक अशा सर्व शाखांचे विद्यार्थी संस्थांच्या दारी येऊ लागले आहेत. ही चांगली गोष्ट आहे. तिच्या पोटात एक धोकाही आहे. तास मोजले जाऊ लागले की तास भरण्याची कला निर्माण होते. कोऱ्या दैनंदिनीवर एकदम १५ दिवसांच्या सह्या, फलकासमोर उभे राहून काढलेले छायाचित्र आणि शेवटी संस्थेच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र. हा व्यवहार विद्यार्थ्याला सोयीचा असतो, कित्येकदा संस्थेलाही सोयीचा असतो; आणि त्यात कोणाचे नुकसान झाले, हे चटकन दिसत नाही.

ते कोणाचे होते, हे समजण्यासाठी एक प्रातिनिधिक चित्र डोळ्यांसमोर आणू. त्यातील माणसे कल्पित असली तरी परिस्थिती मुळीच कल्पित नाही.

समजा, वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी बीड जिल्ह्यातील एका सेवाभावी संस्थेत मे महिन्याच्या मध्यास रुजू झाली. संस्थेचे काम डोंगरपट्ट्यातील काही गावांत, सहा वर्षांखालील मुलांच्या पोषणाचे. अंगणवाडीच्या कामास पूरक म्हणून संस्थेच्या कार्यकर्त्या दरमहा घरोघर जाऊन मुलांची वजने घेतात, दंडाचा घेर मोजतात आणि ज्या मुलाची घसरण दिसेल त्याच्या आईला अंगणवाडीशी व आरोग्य केंद्राशी जोडून देतात.

पहिला आठवडा तिला कचेरीत बसविण्यात आले. हिशेबनिसांनी तिच्यापुढे प्रमाणकांची फाइल ठेवली. नफातोट्याचा ताळेबंद तिला पाठ होता; परंतु जेथे नफा हा शब्दच नाही तेथील हिशेब तिने पाहिले नव्हते. सार्वजनिक न्यासाचे हिशेब तपासून घेऊन ते अनुसूची ८ व ९ च्या नमुन्यांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास सादर करावे लागतात. परदेशातून येणाऱ्या देणगीसाठी २०१० चा स्वतंत्र कायदा आहे आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर त्या रकमेतून प्रशासनावर २० टक्क्यांहून अधिक खर्च करता येत नाही. कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी असे २०१३ च्या कंपनी कायद्यात सांगितले आहे, पण तो पैसा ज्या कामासाठी आला त्याच कामास लावावा लागतो. हे सारे पुस्तकातही असते. पुस्तकात नसते ते असे, की गावातल्या कार्यकर्तीने आजारी मूल घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जाण्यासाठी जीपवाल्यास दीडशे रुपये दिले आणि जीपवाला पावती देत नाही. मग कोणत्या दिवशी, कोणत्या मुलासाठी, कोठून कोठे, हे त्याच दिवशी लिहून त्यावर मुलाच्या आईचा अंगठा अथवा सही घ्यावयाची. हे तिला वृद्ध हिशेबनिसांनी शिकविले. पावती नाही म्हणून खर्च नाकारला तर पुढच्या वेळी कार्यकर्ती जीप करणार नाही, आणि नोंदीवाचून मान्य केला तर देणगीदाराच्या पैशाला उत्तर राहणार नाही. ही अडचण सोडविणारा कागद एवढासा असतो. तो लिहिताना तिची कंटाळलेली नजर प्रथम जागी झाली.

दुसऱ्या आठवड्यात मुलांच्या वजनांच्या नोंदवह्या संगणकावर उतरविण्याचे काम आले. त्यात एका मुलाच्या नावापुढे डिसेंबर ८.४, जानेवारी ८.४, फेब्रुवारी ८.४, मार्च ८.४ किलो असे आकडे होते. वर्षसव्वावर्षाच्या मुलाचे वजन चार महिने तसूभरही हलले नाही, ही गोष्ट तिला चमत्कारिक वाटली. आणखी पाने चाळता असे नऊ जण सापडले. तिने त्या गावच्या कार्यकर्तीला, सर्वजण ज्यांना मावशी म्हणत त्यांना, चाचरतच विचारले.

मावशी रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “अगं पोरी, आईबाप कोयत्यावर गेले होते. लेकरू संगंच. कुठल्या कारखान्याला गेले, कोण सांगणार? रकाना मोकळा ठेवला की वरून विचारणा होती, काम केलं नाही म्हणतात. म्हणून मागचंच वजन लिहीत गेले.”

या चार वाक्यांत एक संपूर्ण व्यवस्था उभी आहे. बीड जिल्ह्यातून दरवर्षी असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता गणला जातो. गळिताचा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. तेवढा काळ तान्ही मुले उसाच्या फडाकडेला, पाल ठोकून राहिलेल्या आईबापांबरोबर असतात. गावच्या अंगणवाडीतून ती गेलेली, कारखान्याच्या परिसरातील अंगणवाडीत बहुधा पोहोचलेली नसतात. म्हणजे ज्या चार महिन्यांत मुलाकडे सर्वाधिक लक्ष द्यावयास हवे, नेमके तेच चार महिने नोंदवहीत ‘८.४’ या समाधानकारक आकड्याखाली झाकले गेले होते. मावशींनी लबाडी केली असे म्हणणे सोपे आहे. मोकळा रकाना दिसला की जाब विचारावयाचा आणि भरलेला दिसला की पुढचे पान उलटावयाचे, ही ज्यांची तपासणीची पद्धत, त्यांचा त्यातील वाटा मावशींहून कमी नव्हता.

आकड्यांचा खरेपणा हा पोषणाच्या आणि आरोग्याच्या कामाचा प्राण आहे, हे महाराष्ट्रात अनेकदा सिद्ध झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात अर्भकांची घरीच काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ही सेवा दिली गेली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली गेली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. हा निष्कर्ष जगाने मानला, तो दोन्हीकडच्या गावांत प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू टिपला गेला होता म्हणून. पुढे २००१ मध्ये राज्यातील १३ स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या क्षेत्रातील बालमृत्यू मोजले, तेव्हा सरकारी दप्तरात नोंदले गेलेले मृत्यू प्रत्यक्षाहून पुष्कळच कमी असल्याचे दिसून आले. शासनाने त्याची दखल घेऊन डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. न नोंदलेला मृत्यू टाळण्यासाठी कोणीही योजना आखू शकत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

नगर जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभे केले, तेथेही गावच्या आरोग्यसेविका हाच कामाचा कणा. त्यांतील कित्येकींना प्रारंभी अक्षरओळखही नव्हती. कालांतराने देशविदेशांतून शिकावयास येणाऱ्या डॉक्टरांना व विद्यार्थ्यांना त्याच शिकवू लागल्या. पदवीधराने निरक्षर बाईच्या पुढ्यात बसून शिकावयाचे, हा अनुभव ज्याला पचला त्याची उमेदवारी निम्मी पार पडली असे समजावयास हरकत नाही.

आपल्या विद्यार्थिनीकडे वळू. तिने ते नऊ आकडे पाहून संस्थेच्या प्रमुखांकडे एकदम तक्रार केली नाही. प्रथम मावशींना सांगितले, मग दोघी मिळून प्रमुखांकडे गेल्या. हा क्रम महत्त्वाचा आहे. दोन महिन्यांकरिता आलेल्या पाहुण्याने वीस वर्षे काम करणाऱ्या बाईला खाली पाहावयास लावावे, आणि आपण प्रमाणपत्र घेऊन निघून जावे, असे घडले तर त्या गावातील काम त्याहून वाईट होते. प्रमुखांनी त्या नऊ जणांचे आकडे खोडले, नोंदवहीत ‘स्थलांतरित’ असा नवा रकाना आखून घेतला आणि मुकादमाचे नाव व कारखान्याचे ठिकाण लिहिण्यासाठी शेजारी जागा सोडली. शासनाच्या ‘पोषण ट्रॅकर’ या भ्रमणध्वनीवरील प्रणालीत स्थलांतरित लाभार्थ्यांची नोंद करण्याची सोय आहेच. परंतु कुटुंब कोठे गेले हे गावात कोणी विचारून ठेवले असेल तरच तिचा उपयोग.

तिसऱ्या आठवड्यापासून ती मावशींबरोबर गावात जाऊ लागली. मुलास झोळीत बसवून काट्यावर टांगावयाचे, काटा स्थिर होईपर्यंत थांबावयाचे, आकडा मोठ्याने वाचावयाचा आणि लगेच लिहावयाचा. दंडघेराची पट्टी डाव्या दंडाच्या मध्यावर, फार घट्ट नाही, फार सैल नाही, अशी लावावयाची. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या वर असेल तर हिरवा पट्टा, साडेअकरा ते साडेबारा असेल तर पिवळा, साडेअकराच्या खाली गेला तर तांबडा. तांबडा म्हणजे अतितीव्र कुपोषण. त्या मुलास ग्राम बालविकास केंद्रात दाखल करावयाचे आणि आजारी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात. एक सेंटिमीटरच्या फरकावर एवढा निर्णय अवलंबून असतो, हे प्रथम कळते तेव्हा हात थोडा कापतो. पट्टी दोनदा लावून पाहण्याची सवय त्यातूनच लागते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी दुपारनंतर पाऊस आला. ओढ्यापलीकडची दोन घरे राहिली होती आणि तालुक्याला जाणारी शेवटची एस.टी. साडेपाचची होती. मावशी दुसऱ्या गल्लीत होत्या. त्या दोन घरांतील मुले तिने मागल्या महिन्यातील आकड्यांवरून ओळखली होती. त्यांतील एकीचा दंडघेर तेव्हा ११.८ होता. तेवढाच किंवा थोडा वाढवून १२ लिहिला असता तरी कोणास काही कळले नसते. तिच्या हातून पेन निघाले, क्षणभर रकान्यावर थांबले. मग तिने दोन्ही रकाने मोकळे ठेवले आणि शेवटच्या स्तंभात लिहिले : ‘पावसामुळे ओढा ओलांडता आला नाही. घरी गेले नाही.’

मावशींनी दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदवही उघडली. मोकळे रकाने दिसताच त्या पाणी ओसरल्यावर पलीकडे गेल्या. त्या मुलीचा दंडघेर ११.३ भरला. चार दिवसांपासून तिला जुलाब होत होते. त्या दिवशी दुपारपर्यंत ती आईसह आरोग्य केंद्रात पोहोचली होती. आदल्या संध्याकाळी रकान्यात १२ लिहिले असते तर मावशी त्या घरी जुलै महिन्यातच गेल्या असत्या.

येथे संस्थांविषयीही दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. उमेदवार म्हणजे फुकटचा कारकून, अशी काही ठिकाणी समजूत असते. विद्यार्थ्याला आठ आठ दिवस झेरॉक्सच्या यंत्राजवळ उभे करणे, किंवा उलटपक्षी कसलीही तयारी न करता एकटे वस्तीत धाडणे, हे दोन्ही सारखेच बेजबाबदारपणाचे आहे. त्याच्यासाठी एक मार्गदर्शक नेमलेला असावा. पहिल्या दिवशी त्याला काम लेखी सांगावे. गावी जाण्यायेण्याचे भाडे त्याच्या खिशातून जाऊ नये. गरिबाघरची मुलगी निव्वळ बसभाड्यापायी घराजवळची नावापुरती संस्था निवडते, ही गोष्ट किती प्राध्यापकांच्या ध्यानात येते? छायाचित्रांच्या बाबतीतही तारतम्य हवे. काट्यावर टांगलेल्या कृश मुलाचे छायाचित्र आईला न विचारता काढून ते अहवालाच्या मुखपृष्ठावर छापणे ही सेवा नव्हे. विद्यार्थी भ्रमणध्वनी घेऊन जातात आणि त्यांना ही मर्यादा कोणी सांगितलेली नसते, सांगावयास हवी. महाविद्यालयाच्या बाजूने म्हणावयाचे तर, दैनंदिनी शेवटच्या दिवशी एकदम तपासण्यापेक्षा दर आठवड्याला वाचली गेली, तर ती लिहिणाऱ्यालाही तिची किंमत वाटेल.

जूनच्या अखेरीस त्या विद्यार्थिनीने दैनंदिनीतील तासांची बेरीज केली. पावसाचा तो एक दिवस अर्ध्यावर सुटला होता आणि एके दिवशी एस.टी. न आल्याने निम्मा वेळ फाट्यावरच गेला होता. बेरीज ११४ भरली. संस्थेच्या प्रमुखांनी प्रमाणपत्र तयार करून ठेवले होते. तासांचा आकडा तेवढा घालावयाचा होता, आणि १२० लिहावयास त्यांची हरकत नव्हती. मुलीने काम मनापासून केले होते हे त्यांनी पाहिले होते. तिने मावशींना विचारले, पुढची वजने कधी? मावशी म्हणाल्या, “सोमवारी. ओढ्यापलीकडनंच सुरुवात करू.”

सोमवारी ती साडेसातच्या एस.टी.ने गावी गेली. प्रमाणपत्रावर तासांचा आकडा त्या दिवशी संध्याकाळी घातला गेला.